बजरंगनाना पित्राला बसतो

माझे सासरे वारले त्याला बरीच वर्षं झाली. तरी दर भादव्यात ते आमच्या ओसरीवर जेवायला बसतात आणि आमटीत मीठ कमी आहे असं सांगून जातात. जिवंतपणीही हेच सांगायचे. मीठ बरोबर असतं. तेव्हाही बरोबरच असायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या गावात ती मेल्यावरही जात नाही, कारण आमच्या गावात बजरंगनाना आहे.

पारनेर तालुक्यातलं हे गाव, आणि सगळीकडं असतात तशी इथंही पित्रं असतात. ज्याच्या घरी ज्याची तिथी असेल त्या दिवशी त्याच्या नावानं एक माणूस जेवायला बोलवायचा. त्याला पित्तर म्हणायचं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि खिरीचा घास टाकून आगारी द्यायची, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि मग त्या माणसाला पोटभर वाढायचं. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. वयानं जुळता, शेजारचा नाहीतर भावकीतला कुणीही चालतो. बाकीची पित्तरं मान खाली घालून खीर ओरपतात, ढेकर देतात आणि सुपारी चघळत घरी जातात. नाना तसा नाही. नाना ज्याच्या नावानं बसेल त्याच्यासारखा जेवतो.

माझे सासरे उडदाचा वडा चार तुकडे करून कढीत बुडवायचे. कारल्याची भाजी ताटाच्या कडेला सारून ठेवायचे आणि शेवटी औषध घेतल्यासारखं तोंड करून एकदम गिळायचे. नाना अगदी तेच करतो, आणि मग माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघून मिठाचं बोलतो. पहिल्या वर्षी मला असा राग आला होता की वाढायची पळी त्याच्या टाळक्यात घालावी. आत जाऊन पाहिलं तर सासूबाई डोळ्याला पदर लावून हसत होत्या. सासरे गेल्यापासून त्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मग पळी खाली ठेवली.

वरच्या आळीतला सूर्यभान दारूपायी गेला. बायकोला त्यानं एक दिवस सुखाचा दाखवला नाही. त्याच्या नावानं नाना बसतो तेव्हा डावा गुडघा उभा धरतो, कढीचे भुरके असे मारतो की रस्त्यावर ऐकू जावेत, आणि शेवटचा घास कुत्र्याला टाकतो. सूर्यभानची बायको म्हणते, "मेला आसाच जेवायचा," आणि रडते. कशासाठी रडते देव जाणे, पण दरवर्षी नानालाच बोलावते.

नानाला हे सगळं येतं कुठून? तर तो जन्माचा वाढपी. तरुणपणापासून गावात लग्न असो, जत्रेचा भंडारा असो, तेराव्याचं जेवण असो, बादली आणि पळी नानाच्या हातात. आता साठी ओलांडली, वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीवर घालायचा टेम्पो चालवतो, पण पंगत दिसली की टेम्पो बाजूला लावून बाह्या वर सारतो. कोण भाकरी कुस्करतो, कोण भाताला मधे विहीर पाडतो, कोण लोणच्याची फोड बोटानं लपवून दुसरी मागतो, सगळं त्याच्या डोक्यात बसलेलं. "मानूस वळखायचा आसंल तर त्याला जेवताना बगावं," असं तो म्हणतो. "वाढनाऱ्याला जेवडा मानूस कळतो ना, तेवडा त्याच्या बायकूलाबी कळत न्हाई." हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी आता नुसती मान हलवते.

माणूस तसा भला. फक्त राग नाकावर. त्याची बायको बनुबाई म्हणते, ह्यांच्या नाकावर माशी बसायला जागा नाही, तिथं आधीच राग बसलेला असतो. पित्रांच्या पंधरवड्यात ती त्याला रात्री नुसतं ताक देते, कारण दिवसा त्यानं कुणाकुणाच्या वाटचं खाल्लेलं असतं त्याचा नेम नाही.

आणि या माणसाचं सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं.

थोरला राधाकृष्ण. गाव त्याला अण्णा म्हणायचं. दोघांची घरं एकमेकांना लागून, मधे एक भिंत. अण्णा तरुणपणी तालमीतला गडी, उंच, छातीचा कोट, बोलायला कमी. नाना लहान असताना आई गेली, तेव्हा अण्णाची बायको केशरबाई नुकतीच नांदायला आली होती. तिनंच या दिराला न्हाऊमाखू घालून वाढवला. पुढं वाटण्या झाल्या, त्याही भांडण न होता. तर अशा घरात फाटलं ते नानाच्या मुलीच्या, अश्विनीच्या लग्नात.

सोयरीक ठरवताना नानानं घाई केली आणि अण्णाला नंतर सांगितलं. अण्णा काही बोलला नाही. लग्नाला आला, फेटा बांधला, अक्षता टाकल्या, नवरानवरीचा नमस्कार घेतला आणि पंगत बसायच्या आत मांडवातून निघून गेला. नाना आग्रहाला जिलबीचं ताट घेऊन थोरल्या भावाला शोधत फिरत होता. कुणीतरी सांगितलं, अण्णा कवाच घरी गेला. पोरीच्या लग्नातून चुलता उपाशी उठून गेला! आमच्याकडं याहून मोठा अपमान नाही. शिवी दिली तर विसरतात, जेवायचं टाळलं तर पिढ्यान्पिढ्या लक्षात ठेवतात. नानानं ताट तिथंच ठेवलं आणि त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं घर त्याला दिसेनासं झालं.

बरं, अण्णाही काही कमी नाही. त्यानंतर तो कुणाच्याच पंगतीला बसला नाही. जत्रेला देवळात यायचा, हाताची घडी घालून उपरण्यात गुंडाळून बसायचा आणि प्रसाद केशरबाईच्या पदरात टाकायला सांगून निघायचा. गाव म्हणालं, ताठा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मीही म्हणाले असेन. सगळेच म्हणत होते. केशरबाईनं कधी ताकास तूर लागू दिली नाही.

गेल्या वर्षी आषाढात अण्णा गेला. नानानं खांदा दिला, डोकं भादरलं, भावानं करायचं ते सगळं केलं, पण तेराव्याच्या पंगतीला बसला नाही. बाहेर बाभळीखाली टेम्पोत बसून राहिला. "फिटंफाट झाली," म्हणाला. मला तेव्हा त्याची चीड आली होती. मेलेल्या माणसाशी कसली फिटंफाट करायची असते?

यंदा वर्षश्राद्ध झालं आणि अण्णाला पहिल्यांदाच पित्रांत घालायचं ठरलं. तिथी दशमीची. दोन-तीन दिवस आधी केशरकाकी माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा टाकला, तिनं घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि म्हणाली, "बजरंगाला निरोप दे. दशमीला ह्यांचं पित्तर मनून त्यानं बसायचं."

मला ठसका लागला. "काकी, सख्खा भाऊ कधी पित्तर म्हणून बसतो का? आणि नाना यायचे व्हय तुमच्याकडं?"

"यील न्हाईतर न यील," ती म्हणाली. "पन दुसरा कुनी मला चालनार न्हाई. न्हाई आला तर पाट रिकामा ठिवीन."

"पहिलंच पित्तर हाय, काकी. अण्णाला उपाशी ठेवाल?"

"ठिवीन," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. ही बाई एकदा ठेवीन म्हणाली की ठेवणार, हे मला माहीत होतं. म्हणून निरोप द्यायला मी त्याच पावली भिंतीच्या अलीकडच्या घरी गेले.

नाना अंगणात दुधाचे कॅन धूत होता. मी सांगितलं तसा त्यानं हातातला कॅन दाणकन आपटला. "जा, सांग तिला! माज्या पोरीच्या लग्नातनं उपाशी गेलेला मानूस आता माज्या तोंडानं जेवायला बगतोय व्हय? लई झालं!" बनुबाई दारात येऊन म्हणाली, "आवो, मेलेल्या मान्सावर काय वरडताय?" त्यावर तो तिच्यावर ओरडला. मी आल्या वाटेनं परत फिरले. संध्याकाळी काकीला सांगितलं, येत नाहीत म्हणून. ती "बरं" म्हणाली आणि उडदाची डाळ निवडत राहिली.

दशमीच्या आदल्या दिवशी सकाळी दूध घालायला गेले तर नाना टेम्पोतून उतरलाच नाही. रोज माझ्या दुधाला पातळ म्हणून खोड्या काढणारा माणूस स्टेअरिंगवर हात ठेवून गप्प. मी कॅन ठेवला आणि विचारलं, "नाना, बरं नाही का?"

"सूनबाई," तो म्हणाला, "मी बसून करू काय?"

मला आधी कळलंच नाही.

"अक्क्या गावाचं जेवन मला ठावं हाय. तुज्या सासऱ्याचं हाय, त्या सूर्यभानाचं हाय. अन्ना कसा जेवायचा ते ठावं न्हाई मला." त्यानं स्टेअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "ल्हानपनी एका ताटात जेवायचो, ते आठवतंय. वड्यावर आमी दोगं तुटून पडायचो. पन ते पोराचं जेवन झालं. म्हातारा अन्ना भाकर कुस्करायचा का मोडून खायाचा? आदी काय खायाचा, मागं काय ठिवायचा? भिंतीपल्याड हुता गं. मी कदी बगितलंच न्हाई. उंद्या पाटावर बसलो तर कुनाचं जेवन जेवू मी?"

रागाच्या आड हे होतं तर! मला त्या क्षणी त्याची फार कीव आली. म्हणाले, "येत नसेल तर काकीला विचारा." तो गाडी सुरू करून गेला. माझ्या दुधाची नोंद करायची राहिली.

दशमीला पहाटेपासून मी केशरकाकीच्या चुलीपाशी होते. वडे, भजी, आमटी, कढी, गव्हाची खीर, गवार, भोपळा, कारलं, आळूच्या वड्या, सगळं झालं. काकीचा मुलगा आप्पासाहेब नगरला एमआयडीसीत कामाला, तो रजा काढून आला होता. भावकीतले पाच-सहा जण ओसरीवर येऊन बसले. सगळ्यांत वर भिंतीशी पाट मांडलेला आणि पाटावर कुणी नाही. आप्पासाहेबानं आईला हळूच विचारलं, "आई, तुकाआबांना बसवू का? वयानं जुळतात." तिनं मान हलवली. निखारे झाले होते, तूप पातळ झालं होतं, ऊन दारातून सरकायला लागलं होतं. जमलेली माणसं एकमेकांकडं बघत होती.

आणि नाना आला. अंगात धुतलेला नेहरू शर्ट, डोक्यावर नवी टोपी, पाठीमागं बनुबाई. कुणाकडं न बघता उंबऱ्याशी उभा राहिला. आप्पासाहेबानं तांब्या आणला आणि चुलत्याचे पाय धुतले. गंध लावलं. नाना पाटावर बसला. आगारी टाकताना आप्पासाहेबानं बापाचं नाव घेतलं, तूप चरचरलं, धूर झाला आणि मी ताट वाढलं.

नाना ताटाकडं बघत राहिला. बाकीच्यांना पित्तरानं पहिला घास घेतल्याशिवाय हात लावता येत नाही, म्हणून सगळे थांबलेले. शेवटी त्यानं वडा उचलला, खिरीत बुडवला आणि दोन्ही गाल फुगवून एकदम तोंडात कोंबला, पोरं कोंबतात तसा. आतल्या दाराशी केशरकाकी उभी होती. घास कसाबसा गिळून त्यानं तिच्याकडं मान वर केली.

"वैनी, आसंच ना?"

"न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

ओसरीवर भावकी बसलेली असताना केशरकाकी कधी बाहेर येत नाही. ती आली. पाटासमोर बसली, त्याचं ताट आपल्याकडं ओढलं, भातावर आमटी घेतली, बारीक कालवली आणि घास करून त्याच्या तोंडापुढं धरला.

"आसं जेवायचे," ती म्हणाली.

नानानं तोंड उघडलं नाही. घास तसाच तिच्या हातात.

"हात थरथरायचा त्यांचा. आदी जरा जरा, मग लईच. डागदर झाले, गोळ्या झाल्या. घास उचलला की वाटंतच सांडायचा. कुस्ती खेळलेला हात, लाज वाटायची त्यांना. दार लावून मी भरवायचे. कुनाला सांगशील तर माजं मढं बगशील, आशी शपत घातल्ती. आप्पाला सुदा थरथर ठावं, भरवन्याचं न्हाई." आप्पासाहेब मान खाली घालून बसला होता. ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "वरीस सरलं. आता त्यांची शपत मी मोडली."

"आश्विनीच्या लग्नातबी?" नानानं विचारलं.

"लग्नातबी."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय? मी काय परका हुतो? मी आडोसा केला आसता, आत ताट दिलं आसतं..."

"तुज्यापास्नंच तर पळाले," काकी म्हणाली. "समद्या पंगतीला चुकवता यील, मनायचे, पन बजाच्या नजरंतनं सुटायचं न्हाई. त्यो मानूस जेवताना बगतो. त्यानं मला आसं बगितलं तर त्याच्या पोरीच्या लग्नात त्यो रडत बसंल. मनून निगाले. घरी आले, म्या पिठलं केलं, ते भरवलं. तुज्या मांडवातलं गानं आयकू येत हुतं."

बनुबाईनं तोंडात पदर कोंबला होता. मी चुलीकडं तोंड फिरवलं आणि खुशाल रडले, धुराचं निमित्त होतंच. वाढणाऱ्याला माणूस कळतो म्हणणाऱ्या नानाला सगळ्या गावाची माणसं कळली होती, आणि जो त्याच्याच डोळ्यांना भिऊन उपाशी उठला तो कळला नाही. त्यानं वर्षानुवर्षं राग धरून एका थरथरत्या हाताशी वैर केलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी त्या थरथरीला ताठा असं नाव दिलं होतं.

"हात मांडीवर ठिव," काकी म्हणाली. "ते ठिवायचे. उजव्यावर डावा, दाबून."

नानानं हात मांडीवर ठेवले, उजव्यावर डावा. दाबून धरले तरी ते थरथरत होते, आणि या खेपेला तो कुणाची नक्कल करत नव्हता. त्यानं तोंड उघडलं. काकीनं घास भरवला. मग कढीभाताचा, मग आळूच्या वडीचा तुकडा, मग खीर वाटीनं पाजली. हनुवटीवर ओघळली ती पदरानं पुसली. घास घ्यायचा, डोळ्यांतलं पाणी घासाबरोबर गिळायचं, पुन्हा तोंड उघडायचं, असं चाललं होतं. भावकीतले जाणते पुरुष आपापल्या ताटात बघत जेवत होते, आणि कधी नव्हे ते कुणी काही मागून घेत नव्हतं.

ताट रिकामं झालं. आमच्याकडं रीत आहे, पित्तर उठायच्या आधी घरच्या बाईनं त्याला विचारायचं, पोट भरलं का, आणि त्यानं भरलं म्हणायचं. तो भरलं म्हणाला की गेलेला तृप्त होऊन परत गेला. तोवर कुणी उठायचं नाही.

केशरकाकीनं विचारलं, "पोट भरलं का?"

नानानं हात मांडीवरच ठेवले.

"न्हाई, वैनी," तो म्हणाला. "आजून भरव."

तिनं भाताचं पातेलं जवळ ओढलं.